पुरवठादार बदलला, तार तीच राहिली : मरोळच्या एका कारखान्याचे वीजबिल

२०१३ च्या दिवाळीआधी मरोळ एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या मालकांचा फोन आला. जुन्या वीजपुरवठादाराकडे परत जाण्याचा अर्ज टाइप करून तयार होता, सही तेवढी बाकी होती. सही करण्याआधी कुणीतरी बाहेरच्या माणसाने हिशेब बघावा, असे त्यांच्या अकाउंटंटने सुचवले होते. म्हणून मी, एक सल्लागार, तिथे गेलो. त्यानंतर दहा वर्षे त्या कारखान्याची वीज मी जवळून पाहिली. कारखान्याचे नाव मी देणार नाही. रुपयांचे आणि युनिटांचे आकडेही हिशेब डोक्यात राहावा म्हणून गोल केले आहेत. तारखा, नियम आणि आदेश मात्र जसेच्या तसे आहेत.

कारखाना प्लास्टिकच्या सुट्या भागांचा. इंजेक्शन मोल्डिंगची यंत्रे, चिलर, कॉम्प्रेसर, कच्चा माल सुकवणारे ड्रायर आणि उरलेला माल दळून पुन्हा वापरात आणणारा ग्राइंडर. तीन पाळ्या, रविवारी सुट्टी. जोडणी ११ केव्हीची, करार मागणी, म्हणजे पुरवठादाराशी ठरलेला कमाल भार, ९०० केव्हीए, महिन्याचा वापर ३ लाख युनिट. कच्च्या मालानंतर सर्वात मोठा खर्च विजेचा. विजेत युनिटमागे एक रुपया वाचला की महिन्याला ३ लाख सुटतात. हा गुणाकार मालकांना तोंडपाठ होता आणि पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

मुंबईत वीजपुरवठादार निवडता येतो, हे मुंबईबाहेरच्या उद्योजकांना अजूनही नवल वाटते. त्याचे मूळ बरेच जुने आहे. १९१५ मध्ये खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून टाटांची वीज मुंबईत आली ती मुख्यतः कापडगिरण्यांसाठी. घाटावरचे पाणी खाली आणून तयार केलेली ही वीज गिरण्यांच्या बॉयलरची जागा घेणार होती. पुढे भिवपुरी आणि भिरा ही केंद्रे झाली, ट्रॉम्बे झाले. शहर बेस्टकडे आणि उपनगरे बीएसईएसकडे, अशी घरोघरच्या विजेची वाटणी झाली. टाटा मात्र मोठ्या ग्राहकांना आणि या दोघांना ठोक वीज पुरवत राहिले. म्हणजे परवान्यांची क्षेत्रे एकमेकांवर पडलेली होती, पण १००० केव्हीएच्या खालच्या ग्राहकाला टाटांनी वीज द्यावी की नाही, यावर वाद होता. आपला कारखाना ९०० केव्हीएचा. रेषेच्या अगदी खाली.

२००३ चा वीज कायदा आला आणि एकाच क्षेत्रात दोन परवानाधारक असू शकतात हे स्पष्टपणे लिहिले गेले. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ८ जुलै २००८ रोजी निकाल लागला : टाटा पॉवर आपल्या परवाना क्षेत्रातल्या किरकोळ ग्राहकांनाही वीज देऊ शकते, ग्राहकाच्या भाराची अशी कोणतीही अट नाही. पण उपनगरांत टाटांच्या तारा सगळीकडे नव्हत्या. तेव्हा १५ ऑक्टोबर २००९ रोजी महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने अंतरिम आदेशाने वाट काढली. रिलायन्सच्या, म्हणजे पूर्वीच्या बीएसईएसच्या ग्राहकाने टाटांची वीज घ्यायची, ती यायची मात्र रिलायन्सच्याच तारांवरून, आणि तारांच्या वापराचा वहन आकार द्यायचा. याला सगळे चेंजओव्हर म्हणू लागले. नव्या पुरवठादाराने स्वतःची तार टाकून जोडणी दिली तर ते स्विचओव्हर. हे दोन शब्द सारखे ऐकू येतात, म्हणून कितीतरी मीटिंगांमध्ये लोक तासभर एकमेकांशी वेगळ्याच विषयावर बोलत बसलेले मी पाहिले आहेत.

आपल्या कारखान्याने २०१० मध्ये चेंजओव्हर केला. मीटर बदलला, कागद झाले. दारातली केबल तीच, सबस्टेशन तेच. तीन महिने मशीनवर काम करणाऱ्यांपैकी कुणाला काही कळलेही नाही. बिल मात्र खरोखर उतरले. त्या वाचलेल्या पैशांच्या भरवशावर मालकांनी एका नव्या मशीनचे कर्ज घेतले.

मग २०११ मध्ये आयोगाने ठरवले की चेंजओव्हर करून गेलेल्या ग्राहकांनी क्रॉस सबसिडी अधिभार द्यायचा. तो कशासाठी, ते पुढे येईल. त्यानंतर नियामक मत्ता आकार आला. ही नियामक मत्ता म्हणजे आधीच्या वर्षांत मान्य झालेला पण दरातून वसूल न झालेला खर्च. वर्षानुवर्षे पुढे ढकललेली उधारी म्हणा. २००९ मधली दरवाढ स्थगित झाली होती, तेव्हाचा काही भार त्यातच साचलेला. कारखान्याच्या दृष्टीने गोंधळ असा की नव्या पुरवठादाराच्या बिलातच या दोन्ही ओळी छापून येऊ लागल्या. मालकांना वाटले, नव्याने दर वाढवला. अकाउंटंटला वाटले, जुना दंड वसूल करतोय. दोघांचेही चुकले होते.

मालकांनी माझ्यासमोर ठेवलेला कागद असा होता. जुन्याचा वीज आकार ८ रुपये, नव्याचा ७, म्हणजे महिन्याला ३ लाखांची बचत. त्यातून क्रॉस सबसिडी अधिभार ७० पैसे, म्हणजे २ लाख १० हजार वजा. नियामक मत्ता आकार ५० पैसे, म्हणजे १ लाख ५० हजार वजा. खाली लाल पेनाने लिहिले होते : ६० हजार तोटा.

बेरीज-वजाबाकी बरोबर होती. तरी तो कागद चुकीचा होता.

मी त्या दिवशी काय केले ते सांगतो, कारण या प्रकरणातले सर्वात उपयोगी काम तेच होते आणि त्याला अर्धा तास लागला. बिलाची झेरॉक्स काढली आणि प्रत्येक ओळीसमोर एकच प्रश्न लिहिला : ही ओळ कुणाच्या मागे चालते? उत्तरांप्रमाणे ओळींचे ढीग केले. वीज आकार, महिन्याच्या कमाल मागणीवर लागणारा मागणी आकार आणि इंधनाच्या खर्चाप्रमाणे हलणारा इंधन समायोजन आकार पुरवठादारामागे चालतात. पुरवठादार बदलला की बदलतात. वहन आकार तारेमागे चालतो. तार तीच असेल तर वीज कुणाचीही घ्या, तो द्यायचाच. क्रॉस सबसिडी अधिभार जाण्यामागे चालतो. गेलात तर द्या, राहिलात तर त्याची ओळच नाही. सरकारचे वीज शुल्क टक्क्यात असते, ते बाकीच्या आकड्यांच्या सावलीसारखे लहानमोठे होते.

आता नियामक मत्ता आकार कुठे टाकायचा? तो जुन्या उधारीचा होता, आणि आयोगाने तो राहिलेल्या ग्राहकांवरही लावला होता आणि त्याच तारांवरून दुसऱ्याची वीज घेणाऱ्यांवरही. म्हणजे तो तारेच्या ढिगात. परत गेले तरी ते ५० पैसे सुटणार नव्हते. तुलनेतून ती ओळ खोडली की उरते काय? वाचले ३ लाख, गेले २ लाख १० हजार. महिन्याला ९० हजार फायदा. मालक ६० हजारांचा तोटा थांबवण्यासाठी जी सही करणार होते, त्या सहीने ९० हजारांचा फायदा बंद होणार होता.

मालक बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “पण माझे बिल तर वाढलेच ना?” वाढलेच होते. इथेच माणूस फसतो. आपण बिलाची तुलना आपल्याच गेल्या वर्षीच्या बिलाशी करतो. ती करायची असते त्याच महिन्यात दुसरीकडे असतो तर आले असते त्या बिलाशी. ते दुसरे बिल कुणी छापून पाठवत नाही. ते दर महिन्याला स्वतः मांडावे लागते.

आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात नव्हती. २२ ऑगस्ट २०१२ रोजी आयोगाचा आणखी एक आदेश झाला होता. नव्या पुरवठादाराकडे मोठे, फायद्याचे ग्राहकच जास्त जात आहेत, ही तक्रार त्यामागे होती. त्या आदेशाने जुन्या तारांवरून होणारा नवा चेंजओव्हर महिना ३०० युनिटांपर्यंतच्या घरगुती ग्राहकांपुरता मर्यादित झाला. कारखान्यासाठी याचा अर्थ सरळ होता : परत जायला दार उघडे आहे, पण एकदा बाहेर पाऊल टाकले की ते मागे बंद होणार. ही मर्यादा पुढे २८ नोव्हेंबर २०१४ रोजी विजेच्या अपिलेट न्यायाधिकरणाने दूर केली. पण २०१३ च्या दिवाळीत ते कुणाला माहीत असणार? ज्या निर्णयातून मागे फिरता येत नाही, तो रागाच्या भरात घेऊ नये, एवढेच मी म्हणालो. अर्ज फायलीत गेला.

त्याऐवजी आम्ही एक आकडा ठरवला. दोन पुरवठादारांच्या, इंधन समायोजनासकट, दरातला फरक ७० पैशांच्या वर आहे तोवर थांबायचे. सलग तीन महिने तो ७० पैशांखाली राहिला तर अर्जाचा पुन्हा विचार. अधिभार बदलला की हा ७० चा आकडाही बदलायचा. अकाउंट्सच्या खोलीतल्या फळ्यावर दर महिन्याला हा फरक लिहिला जाऊ लागला. इंधन समायोजनामुळे तो किती हलतो हे बघून मालकांना आश्चर्य वाटले. कोळसा किंवा बाहेरून घेतलेली वीज महागली की ७० ला खेटून यायचा, पुन्हा वर जायचा. एखाद्या महिन्याच्या बिलावरून पुरवठादार बदलणाऱ्याने हे असे बारा महिने तरी लिहून बघावे.

त्याच दिवसातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. विद्युत विभागाचे फोरमन सगळा वेळ दाराशी उभे राहून ऐकत होते. त्यांना कारखान्यात सगळेच काका म्हणतात. जोगेश्वरीच्या चाळीत राहणारे, आयटीआय करून लागलेले, पॅनलच्या आवाजावरून कोणती फेज तापलीय ते सांगणारे. निघताना त्यांनी विचारले, “साहेब, ते सत्तर पैसे शेवटी जातात कुणाला?”

मी म्हणालो, “काका, तुमच्या घरी.”

ते उत्तर मी त्यांना नीट उलगडून सांगितले आणि इथेही सांगतो. वीज घरी पोचवायला जो सरासरी खर्च येतो, त्याहून कमी दर चाळीतल्या शंभर युनिट वापरणाऱ्या घराला लागतो. तो कमी पडणारा पैसा कारखान्याच्या, मॉलच्या, मोठ्या ऑफिसांच्या सरासरीहून चढ्या दरातून भरून निघतो. ही क्रॉस सबसिडी. कारखाना दुसऱ्या पुरवठादाराकडे गेला की त्याच्या चढ्या दरातला हा वाटाही त्याच्याबरोबर जातो. मागे राहते चाळ. मग एकतर चाळीचा दर वाढवायचा, नाहीतर गेलेल्याकडून तो वाटा अधिभार म्हणून मागायचा. २००३ च्या कायद्याच्या ४२ व्या कलमात या अधिभाराची कल्पना पहिल्यापासून आहे. आम्हा सल्लागारांपैकी कितीजणांनी २०१० मध्ये ती ग्राहकाला समजावून सांगितली असेल? फार थोड्यांनी. सगळ्यांच्या हातात दरपत्रक होते, कायदा नव्हता.

अधिभार असावा, असे माझे ठाम मत आहे. तो कधीपर्यंत असावा यावर वाद होऊ शकतो. तो हळूहळू कमी व्हावा असेच कायद्यालाही अपेक्षित आहे. पण ज्या यंत्रावर दिवसभर उभे राहून माणूस कारखान्याची वीज वाचवतो, त्याच वाचलेल्या पैशाने रात्री त्याच्या घरातला पंखा महाग होऊ नये. ज्यांचे कामगार दोन स्टेशनांपलीकडे राहतात त्या मालकांना हे समजवावे लागत नाही, एकदा सांगावे मात्र लागते. आपल्या मालकांनी त्यानंतर अधिभाराला कधी दंड म्हटले नाही.

मुंबईतही हे गणित सगळीकडे सारखे नाही. माहीमची खाडी ओलांडून दक्षिणेला गेलात की बेस्टचे क्षेत्र. बेस्ट ही महापालिकेची, म्हणजे कायद्याच्या भाषेत स्थानिक प्राधिकरण, आणि अशा प्राधिकरणावर आपल्या तारा दुसऱ्याच्या विजेसाठी खुल्या करण्याची सक्ती नाही. तिथे टाटांची वीज हवी तर टाटांची स्वतःची तार हवी. मुलुंड-भांडुपला महावितरण. तिथे समांतर परवान्याचा प्रस्ताव आला तेव्हा जानेवारी २०२३ मध्ये वीज कर्मचाऱ्यांनी राज्यभर संप पुकारला होता. मरोळचे उत्तर परळच्या किंवा भांडुपच्या कारखानदाराने उचलून वापरू नये, म्हणून हे सांगितले.

मधली वर्षे फळ्यावरच्या आकड्यात गेली. २०१८ मध्ये उपनगरांचा वीजव्यवसाय रिलायन्सकडून अदानींकडे गेला. कारखान्याच्या हिशेबात फक्त नाव बदलले. मग एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांचे बिल केडब्ल्यूएचऐवजी (प्रत्यक्ष कामी आलेली वीज) केव्हीएएचवर (एकूण ओढलेली वीज) सुरू झाले. आधी पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेतल्या कामी आलेल्या विजेचे प्रमाण, चांगला ठेवला तर वेगळी सवलत आणि वाईट असला तर वेगळा दंड असायचा, आता ते सगळे युनिटांतच मुरले. आणि नेमका तो टाळेबंदीचा महिना! कारखाना बंद, यंत्रे थंड, पण पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या कपॅसिटरची एक बँक, म्हणजे संच, कायमची जोडलेली राहून गेली. भार नसताना कपॅसिटर चालू राहिले की पॉवर फॅक्टर दुसऱ्या बाजूला, म्हणजे लीडिंगकडे जातो, आणि नव्या पद्धतीत तेही मोजले जाते. बंद कारखान्याचे बिल अपेक्षेहून जास्त आले. यात पुरवठादाराचा काही संबंध नव्हता. काकांनी खास परवानगी काढून येऊन ती बँक उतरवली आणि त्यानंतर दर रविवारी ती आपोआप सुटेल असे पॅनल बसवून घेतले.

त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई अंधारात गेली. लोकल थांबल्या, परीक्षा पुढे ढकलल्या गेल्या. कळवा-पडघे भागातल्या उच्चदाब वाहिन्या आणि त्यावर अवलंबून असलेले शहर, हा तिढा त्या दिवशी सगळ्यांना दिसला. कारखान्यात यंत्रांच्या बॅरलमधला वितळलेला माल जागच्या जागी गोठला. तो साफ करून यंत्रे पुन्हा उभी करायला जो वेळ लागला तो वीज आल्यानंतरचा. मालकांनी मला विचारले, दुसरा पुरवठादार असता तर वाचलो असतो का? नाही. पुरवठादार बदलल्याने विजेच्या खरेदीचा करार बदलतो. शहरात वीज आणणाऱ्या वाहिन्या सगळ्यांच्या एकच. विश्वासार्हतेसाठी पैसे खर्च करायचे असतील तर ते आपल्या आवारात, जनरेटरवर आणि बॅरल रिकामे करण्याच्या शिस्तीवर करावे लागतात.

मग २०२३ आले. पुरवठादार निवडीचा दुसरा दरवाजा उघडला होता. ओपन अ‍ॅक्सेसने कुठल्याही उत्पादकाकडून थेट वीज घेण्याची सोय एक मेगावॅटच्या वरच्या ग्राहकांना आधीपासून होती. ९०० केव्हीएचा हा कारखाना तिथेही रेषेच्या खालीच राहिला होता. जून २०२२ च्या केंद्राच्या हरित ऊर्जा नियमांनी अपारंपरिक विजेसाठी ही रेषा १०० किलोवॅटवर आणली. त्यानंतर कारखान्यात सौर प्रकल्पवाल्यांची रांग लागली. एकाचा प्रस्ताव सोलापूरकडच्या प्रकल्पातून ९०० किलोवॅटचा होता. कागदावर मोठ्या अक्षरात युनिटचा दर, आणि तो फळ्यावरच्या कुठल्याही आकड्याच्या जवळपास निम्मा.

मालक या वेळी हसले आणि म्हणाले, “आधी ढीग करा.”

ढीग केले. सोलापूरची वीज मरोळपर्यंत आणायची म्हणजे लांब पल्ल्याच्या वाहिन्यांचा पारेषण आकार, वाटेतली गळती, वहन आकार. मागणी आकार तर आपल्या परवानाधारकाला द्यायचाच, कारण रात्री आणि ढगाळ दिवशी वीज त्याचीच. क्रॉस सबसिडी अधिभार टाळायचा असेल तर प्रकल्प कॅप्टिव्ह हवा : वापरणाऱ्यांचा मालकीत किमान २६ टक्के वाटा, आणि वर्षभरातल्या निर्मितीपैकी किमान ५१ टक्के वीज त्यांनी स्वतः वापरलेली. कॅप्टिव्ह ग्राहकाला ओपन अ‍ॅक्सेसवरचा वेगळा ‘अतिरिक्त अधिभार’ही लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केले होते. एवढे सगळे धरूनही बचत उरत होती. कागदावरच्या दरातून दिसत होती तेवढी नाही, पण चांगली.

खरा प्रश्न किती घ्यायची हा होता, आणि त्याचे उत्तर दरपत्रकात कधीच नसते. ते मीटरमध्ये असते. मीटर दर पंधरा मिनिटांची नोंद ठेवतो, दिवसाच्या ९६ नोंदी. आम्ही वर्षभराच्या नोंदी उतरवल्या आणि एकेका महिन्याचा आलेख भिंतीवर चिकटवला. दुपारी बाराला भार सहाशे किलोवॅटच्या आसपास. रात्रपाळीत त्याच्या दोन तृतीयांश. रविवारी जवळजवळ शून्य. ९०० किलोवॅटचा सौर प्रकल्प भर दुपारी आठशेच्या पुढे वीज देणार. म्हणजे रोज दुपारी दोनशेच्या आसपास जास्तीची आणि रविवारी तर सगळीच जास्तीची. सूर्याला साप्ताहिक सुट्टी नसते. जास्तीची वीज बँकिंगमध्ये, म्हणजे नंतर उचलण्यासाठी परवानाधारकाकडे जमा, ठेवता येते, पण ते बँकिंग महिन्यापुरते, त्याला आकार, आणि कोणत्या वेळची वीज कोणत्या वेळी उचलायची यावर बंधने.

त्या आलेखावर काकांनी बोट ठेवले ते सोमवारी सकाळच्या सहाला. तिथे एक सुळका होता, आठवड्यातला सर्वात उंच. रविवारभर थंड झालेल्या सगळ्या यंत्रांचे बॅरल हीटर, ड्रायर आणि चिलर पहिल्या पाळीला एकदम चालू व्हायचे. अर्धा तास. महिन्याची कमाल मागणी या अर्ध्या तासात ठरत होती आणि मागणी आकार त्यावर लागत होता. दहा वर्षे आम्ही पुरवठादारांच्या दरातले पैसे मोजत होतो आणि हा सुळका मीटरमध्ये बसून होता. मलाही तो दिसला नव्हता, कारण मी ती नोंद मागितलीच नव्हती. याची मला आजही खंत वाटते. २०१३ मध्ये ढीग करण्याबरोबर मी ९६ नोंदी मागायला हव्या होत्या.

काकांनी वेळापत्रक बदलले. रविवारी रात्री दहापासून यंत्रे चार-चारच्या गटांनी तापायला लागतात, त्यासाठी एक माणूस बदली पाळीवर येतो आणि त्याला त्याची भरपाई मिळते. ग्राइंडर रात्री चालायचा, कारण रात्रीच्या युनिटाला सवलत असे. सौर वीज घेतल्यावर तेच गणित उलटणार होते, म्हणून तो दुपारी आणायचे ठरले. रात्रपाळीच्या लोकांना त्याच्या आवाजातून सुटका मिळाली, याचा उल्लेख कोणत्याच तक्त्यात नाही, पण मला तो इथे हवा आहे.

शेवटी ५०० किलोवॅटवर आलो. राज्यात एक मेगावॅट सौर प्रकल्पातून वर्षाला ढोबळमानाने १५ लाख युनिट धरतात. त्या हिशेबाने साडेसात लाख, म्हणजे वार्षिक वापराचा पाचवा हिस्सा. प्रकल्पवाल्याला हे पटत नव्हते. जास्त घेतले तर युनिटचा दर आणखी कमी करतो, म्हणाला. पण रविवारी सोलापुरात तयार होणारे स्वस्त युनिट मरोळला वापरायला कुणी नसेल तर त्याची किंमत बँकिंगचे नियम ठरवतात, करार ठरवत नाही.

मालकांचा शेवटचा प्रश्न सर्वात चांगला होता. प्रकल्पात आणखी पाचसहा कारखाने भागीदार. त्यातला एखादा बंद पडला तर? उत्तर अवघड आहे. ५१ टक्क्यांची तपासणी वर्षाच्या शेवटी होते आणि प्रकल्प त्यात नापास झाला तर सगळ्यांचा कॅप्टिव्ह दर्जा त्या वर्षापुरता जातो. अधिभार पूर्ण वर्षाच्या युनिटांवर लागतो. त्यात ९ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेही सांगितले की अशा संयुक्त कंपनीतल्या भागीदारांनी आपापल्या मालकीच्या प्रमाणातच वीज वापरायला हवी, थोडीफार सूट सोडून. म्हणजे शेजाऱ्याच्या ऑर्डर घटल्या तर त्याचा परिणाम आपल्या बिलावर येऊ शकतो. करारात आम्ही दोन कलमे घालून घेतली : प्रत्येक तिमाहीला सगळ्या भागीदारांच्या वापराचा तक्ता मिळालाच पाहिजे, आणि कुणाच्या वापरातल्या तुटीमुळे दर्जा गेला तर अधिभाराचा भार त्याच्यावर.

तरीही पहिल्या वर्षाची तपासणी होईपर्यंत, सौर विजेवर न लागलेल्या अधिभाराएवढी रक्कम दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकायची असे मालकांनीच ठरवले. या वेळी त्यांनी कर्ज आधी घेतले नाही. फळा अजून आहे, त्यावर आता दोन आकडे लिहिले जातात, आणि सोमवारची सकाळ सहाची नोंद काका स्वतः वाचून तिसरा लिहितात.